खडकाच्या भेगांतील पाण्याचें गणित

नदीकांठची काळी जमीन सोडली, तर पन्हाळ्याच्या डोंगरापासून हातकणंगल्याच्या माळापर्यंत विहीर खणणाराची पहार मुरूम संपतांच काळ्या पाषाणावर आपटते. एकाच बांधाच्या दोन बाजूंस दोन विहिरी असतात. एकीस बारमाही झरा, तर दुसरी फाल्गुनांतच कोरडी. आपण हें दैवाकडे किंवा पाणाड्याकडे सोंपवितो. वस्तुतः त्याचें कारण खडकांत आहे व तें पुष्कळ अंशीं गणितानें मांडतां येतें.

वाळूंतून पाणी कसें वाहतें याचा नियम हेन्री दार्सी या फ्रेंच एंजिनियरानें 1856 सालीं प्रसिद्ध केला. दाबाचा उतार जितका अधिक तितका प्रवाह अधिक, असा तो साधा नियम आहे. परंतु आपला पाषाण वाळूसारखा एकजिनसी नाहीं. त्याच्या घट्ट भागांतून पाणी जवळजवळ सरकतच नाहीं. तें वाहतें भेगांतून. आणि भेगेची रुंदी, इतर गोष्टी सारख्या असतां, दुप्पट झाली कीं प्रवाह आठपट होतो; तिप्पट झाली कीं सत्तावीसपट. म्हणजे केंसाएवढ्या दहा भेगा मिळून जें पाणी देतील, त्याच्या अडीचपटीहून अधिक पाणी तिप्पट रुंदीची एकच भेग देते. शेजाऱ्यास ती लागली व आपली चार हातांनीं हुकली, एवढाच काय तो फरक!

मात्र भेग पाणी वाहून नेते, फारसें सांठवीत नाहीं. सांठा असतो तो झिजलेल्या मुरुमांत व सच्छिद्र थरांत. बॅरेनब्लॅट, झेल्टोव्ह व कोचिना या रशियन शास्त्रज्ञांनीं 1960 सालीं या दोहोंचा हिशेब वेगळा मांडून त्यांच्यांतील देवघेव तिसऱ्या कलमांत धरली. उपसा सुरू होतांच येणारें जोराचें पाणी भेगेंतलें. तें ओसरल्यावर मुरूम सावकाश जें देईल तेंच विहिरीचें खरें उत्पन्न. पहिल्या दिवसाची धार पाहून कर्ज काढणारा व उंसाचें क्षेत्र ठरविणारा शेतकरी येथेंच फसतो.

हल्लीं संगणकावर खडकाचे कल्पनेनें हजारों लहान तुकडे पाडतात. प्रत्येक तुकड्यांत आलेलें पाणी वजा गेलेलें पाणी म्हणजे शिल्लक. सोसायटीच्या खातेवहीसारखाच हा जमाखर्च, फक्त तासातासाला पुन्हां मांडलेला. त्यावरून असें दिसतें कीं, पाण्याच्या थेंबाहून दाबाचा बदल भेगेंतून कितीतरी वेगानें पसरतो. म्हणूनच एकाच भेगेवर शेजाऱ्यानें विंधन विहीर घेतली कीं आपली पातळी लवकरच खालावते. कोयनेस 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे झालेल्या भूकंपानंतर जलाशयाच्या पाण्याचा दाब खोल खडकांत कसा पोंचतो, याचाही अभ्यास याच रीतीनें झाला आहे. तेथें सुमारें एक किलोमीटर पाषाणाखालीं ग्रॅनाइट लागतो, व 2017 सालीं तीन किलोमीटर खोल छिद्रहि घेण्यांत आलें.

खोल गेलें म्हणजे पाणी मिळतेंच, ही समजूत आम्हांस मान्य नाहीं. वरच्या भारानें भेगा खालीं बहुधा मिटत जातात.

या गणिताची अडचण एकच: भेगा डोळ्यांस दिसत नाहींत, त्या मोजमापावरून ताडाव्या लागतात. तें मोजमाप विहिरीच्या मालकाजवळच असतें. पंप सुरू करण्यापूर्वींची पातळी, दर तासाची उतरण, आणि पंप बंद केल्यावर पाणी पूर्ववत् चढण्यास लागलेले तास, एवढें कार्तिकांत व वैशाखांत एकेकदां वहींत टिपावें. एका ओढ्यावरील सर्व विहिरींनीं तें एकाच दिवशीं टिपल्यास अधिक उपयोगी.