सोफा उलटा करून बघा

22 सप्टेंबर 2025पासून फर्निचरवाल्यांच्या तोंडी एक नवं वाक्य आलं आहे : 'चामड्यावरचा जीएसटी उतरला ना साहेब!' उतरला, हे खरंच. तयार चामडं 12 टक्क्यांवरून 5 वर आलं. सोफा मात्र जिथे होता तिथेच, 18 टक्क्यांवर, पाय पसरून बसला आहे. म्हणजे दिवाळीच्या जाहिरातीतल्या 'प्युअर इटालियन लेदर, थ्री-सीटर, फक्त 39,999' मधले साधारण 6,100 रुपये सरकारजमा. आता चामड्याचा हिशोब करा. चामडं चौरस फुटावर विकतात. मोठ्या जनावराचं अख्खं कातडं पन्नासेक चौरस फूट भरतं आणि तीन जणांचा सोफा पाठीमागून, बाजूंनी सगळा मढवायचा तर अशी चारेक कातडी लागतात. मग लाकूड, फोम, मजुरी, शोरूमचं भाडं आणि ती पानभर जाहिरात उरलेल्या पैशांत बसवून दाखवा.

मी हा हिशोब वेळेवर केला नव्हता. एका चकचकीत शोरूममधून आणलेल्या आमच्या 'इटालियन'ने दोन पावसाळे काढले. तिसऱ्या श्रावणात सासरे सोफ्यावरून उठले, तेव्हा त्यांच्या पांढऱ्याशुभ्र लेंग्यावर मागून काळ्या पापुद्र्यांची नक्षी उमटली होती. पुढचे दोन महिने आम्ही घरभर ते पापुद्रे झाडत होतो.

यात जादू काही नाही. स्वस्त 'लेदर'चा वरचा थर पॉलियुरेथेनचा, म्हणजे पीयूचा असतो. त्याच्या बऱ्याच प्रकारांना हवेतलं बाष्प हळूहळू आतून तोडत जातं. रसायनशास्त्रात याला हायड्रोलिसिस म्हणतात, घरात 'सोफा सोलला' म्हणतात. जुलैच्या मुंबईत आर्द्रता 80 टक्क्यांच्या वर असते. कोरड्या देशात बरीच वर्षं निघतील असा थर इथे तीन-चार पावसाळ्यांत हात टेकतो. त्यापेक्षा जुनं रेक्झिन चिवट होतं. (रेक्झिन हे मुळात इंग्लंडमधल्या मँचेस्टरजवळच्या एका कंपनीचं व्यापारी नाव. आपण ते एसटीच्या सीटपासून शाळेच्या दप्तरापर्यंत सगळ्याला चिकटवलं.)

हल्ली या पीयूला 'व्हेगन लेदर' असं बाळसेदार नाव मिळालं आहे. चामडं नको असण्याला माझी हरकत नाही, पण मग त्याला चामडं म्हणू नका. इटलीत 2020 पासून कायद्यानेच तसं म्हणता येत नाही. आपल्याकडे मात्र इटलीचंच नाव लावून ते विकलं जातं!

माझं खरं शिक्षण झालं ते जोगेश्वरीला, ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचरच्या बाजारात. तिथल्या एका गाळ्यात चाळीसेक वर्षं सोफे मढवणारे एक चाचा आहेत. आमचा सोफा टेम्पोतून उतरला, तेव्हा चाचांनी त्याच्या कातड्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पोराकडून तो उलटा करवून घेतला, बुडाला ठोकलेलं काळं कापड ब्लेडने टरकन फाडलं आणि मला वाकायला सांगितलं. आत पॅकिंगच्या खोक्याच्या फळ्या होत्या. एकीवर छत्रीचं चित्र आणि बाणाची खूण तशीच शाबूत! सांध्यांत ना खाच, ना स्क्रू, नुसत्या स्टेपलच्या पिना. "साहब, ये सोफा नहीं, पार्सल है," चाचा म्हणाले.

मग त्यांनी गादीची चेन उघडून कव्हर उलटं केलं. खरी परीक्षा ही. अस्सल चामड्याची आतली बाजू तंतूंची, किंचित लवदार असते. आमच्या कव्हरला आतून विणलेलं कापड होतं, बनियनसारखं. वासावर जाऊ नका, वास फवारता येतो. काडी लावून बघायचा सल्ला देणाऱ्यांना शोरूममध्ये सोबत नेऊ नका. आणि चेन नसलेली गादी विकणाऱ्याला ती का नाही, हे जरूर विचारा.

चामड्यातही चार जाती. कातड्याचा सगळ्यात वरचा, दाट तंतूंचा थर न घासता ठेवला तर फुल ग्रेन. वरून थोडा तासला तर टॉप ग्रेन. खालचा उरलेला थर म्हणजे स्प्लिट. त्यावर रंगाचा जाड लेप देऊन खोटे दाणे उठवतात आणि 'जेन्युइन लेदर'चा बिल्ला लावतात. बिल्ला खोटा नसतो, एवढंच. चौथं बाँडेड : कातरणांचा चुरा चिकटद्रव्यात कालवून लाटलेली पोळी. ही तर पीयूच्याही आधी सोलते. शिवाय 'हाफ लेदर' नावाची सोय आहेच. बसायच्या जागी चामडं, पाठीमागे नि बाजूंना रेक्झिन. तसं स्पष्ट सांगून विकलं तर सौदा वाईट नाही. सांगतात कुठे?

प्राडाने जून 2025मध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या, तेव्हापासून आपण सगळेच चामड्याचे जाणकार झालो आहोत, म्हणून एक खुलासा. कोल्हापुरीचं म्हशीचं कातडं बाभळीची साल आणि हिरड्यात कमावतात. ते कडक, पायाला दणकट. सोफ्याला हवा असतो मऊपणा, म्हणून तिथे बहुतेक क्रोमवर कमावलेलं, मिलिमीटरभर जाडीचं चामडं वापरतात. त्यावर रंगाचा पातळ संरक्षक थर असलेलं पिगमेंटेड घ्यावं की उघडं ॲनिलीन? ॲनिलीन दिसतं देखणं, पण सांडलेला चहा क्षणात पिऊन टाकतं. मुलं आणि पाहुणे येणाऱ्या घरात पिगमेंटेडच.

फोमच्या बाबतीत चाचांनी दिलेली युक्ती मला सगळ्यात आवडली. प्रत्येक दुकानदार '40 डेन्सिटी' म्हणतो, म्हणजे घनमीटरला 40 किलो. मग तोला की! 24 इंच लांब-रुंद आणि 5 इंच जाड फोम 40चा असेल तर 1.9 किलो भरतो, 23चा असेल तर जेमतेम 1.1. विमानाच्या बॅगा तोलायचा हातकाटा मी आता फर्निचरच्या दुकानात नेतो. सेल्समनचा चेहरा बघण्यासारखा होतो.

आणल्यावर फार काही करायचं नसतं. विदर्भात उन्हाच्या खिडकीपासून दूर ठेवा, चामडं वाळून तडकतं. कोकणात भिंतीला चिकटवू नका, मागे हवा खेळली नाही की बुरशी धरते. खोबरेल तेल चोळायचा मोह आवरा. तसंही डोक्याचं तेल सोफ्याच्या पाठीला लागतच असतं आणि रंगाचा थर सगळ्यात आधी तिथेच मऊ पडून उडतो. आजीच्या काळी सोफ्याच्या पाठीवर क्रोशाचा रुमाल असे, त्याला आपण हसलो. त्याचं इंग्रजी नाव अँटिमकॅसर, मकॅसर नावाच्या केसांच्या तेलापासून वाचवणारा. आमच्याकडे तो परत आला आहे.

आणि खिसा पुरत नसेल तर? सरळ चांगल्या कापडाचा सोफा घ्या. कापड मळतं, धुता येतं. पीयू सोलला की फेकायचाच.

आमचं पार्सल चाचांनी मढवायला साफ नकार दिला. त्याऐवजी गाळ्याच्या मागे पडलेला कुणाचा तरी जुना सागवानी सांगाडा दाखवला. त्यावर म्हशीचं पिगमेंटेड चामडं चढलं. एका कातड्यावर काटेरी तारेचा वीतभर ओरखडा आणि गोचिडीचे दोन वण होते. मला वाटलं, हा तुकडा मागच्या बाजूला जाईल. चाचांनी तो उजव्या हातावर, दारातून येणाऱ्याला पहिल्यांदा दिसेल असा लावला. येणारा प्रत्येक जण विचारतो, "डिफेक्टिव्ह पीस मिळाला का?" सासरे आता नेमके त्याच कोपऱ्यात बसतात, त्याच पांढऱ्या लेंग्यात.