नियम फुकट, गोष्ट तुमची!

नवेगाव-नागझिऱ्याच्या जंगलावर एखादा खेळ काढून विकावा, असं डोक्यात आहे? मग नियम शून्यापासून लिहीत बसू नका.

रोल-प्लेइंग गेममध्ये चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण गोष्ट पुढे नेतो, बाकीचे त्यातली पात्रं होतात. काय जमलं, काय फसलं ते फासे ठरवतात. यातला सगळ्यात गाजलेला खेळ ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’. त्याचे मूळ नियम कंपनीने २००० साली खुल्या परवान्यावर दिले. त्यावर अनेकांचे धंदे उभे राहिले. जानेवारी २०२३ मध्ये कंपनी परवाना बदलणार अशी बातमी फुटली आणि सगळ्यांच्या पोटात गोळा आला. मोठी ओरड झाली. महिनाअखेरीस खेळाच्या पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम, सुमारे ४०० पानं, क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्यावर आले. अटी पाळल्या तर हा परवाना परत घेता येत नाही.

म्हणजे ते नियम तुम्ही मराठीत आणा, बदला, विका. रॉयल्टी शून्य! फक्त श्रेयाची ओळ द्या, परवान्याचा उल्लेख करा, बदल केलेत तर सांगा. त्या खेळाचं नाव-लोगो मात्र डब्यावर छापू नका; तो ट्रेडमार्क आहे.

आणि कचारगडची गोष्ट घेणार असाल, तर ती गोंड समाजाच्या श्रद्धेची आहे. तिथे परवान्याचा कागद नाही, म्हणून आधी माणसांना विचारा.

आजचं काम: परवाना पूर्ण वाचा. श्रेयाची ओळ आधी टाईप करा, मगच प्रेसवाल्याकडे जा.