पलंग आपला, फळी मनीची

मागच्या महिन्यात एका गुरुवारी सकाळी शेजारच्या वहिनी आमच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. "जयभीम ताई, जरा बोलायचं होतं," एवढेच म्हणाल्या आणि त्यांचे डोळे भरून आले. आम्ही त्यांना आत घेतले, चहा ठेवला. हळूहळू हकिकत कळली.

वहिनींचे यजमान चाकणच्या एका कारखान्यात कामाला आहेत. रात्रपाळी करून सकाळी पिंपरीला घरी यायचे आणि चार घास खाऊन पलंगावर आडवे व्हायचे, हा त्यांचा क्रम. त्या दिवशी घरी आले तर पलंगावर ऐन मध्यभागी मनी मांजर वेटोळे करून झोपलेली. चादरीवर केसच केस. भिशीच्या पैशांतून आणि ओव्हरटाईम करून घेतलेल्या सोफ्याचा एक कोपरा तिने नखांनी उसवून ठेवलेला. त्याचे हप्ते अजून फिटायचे आहेत. त्यात धाकट्या मुलाला दम्याचा त्रास. भाऊंचा तोल गेला. त्यांनी चप्पल फेकली आणि सांगून टाकले, "रविवारी सुट्टी आहे. हिला गोणीत घालून पवनेपलीकडे सोडून येतो." तेव्हापासून मोठी मुलगी धड जेवत नव्हती.

"ताई, यांचं काही चुकतं असं नाही, पण त्या मुक्या जिवाचं तरी काय चुकलं?" वहिनींनी विचारले. हा प्रश्न आमच्या मनात घर करून राहिला.

प्रथम भाऊंची बाजू पाहू. ज्या घरात चार खोल्या आहेत तिथे मांजर कुठेही झोपले तरी कुणाचे अडत नाही. आपल्या वस्तीतल्या घरात एकच पलंग असतो आणि त्यावर पाळीपाळीने झोपायचे असते. एक जण रात्रपाळीहून येतो, दुसरा सकाळच्या पाळीला निघतो, मधल्या वेळेत त्याच पलंगावर बसून पोरे अभ्यास करतात. सोफा आपल्याकडे शोभेसाठी नसतो. दिवसा पाहुण्यांसाठी आणि रात्री कुणाच्या तरी अंथरुणासाठी तो असतो. अशा घरातली एक वस्तू खराब झाली की पुन्हा घ्यायला वर्षे लागतात. म्हणून भाऊंचा राग आम्हाला खोटा वाटला नाही. मात्र त्या रागावर शोधलेला उपाय चुकीचा होता.

आधी एक गैरसमज दूर करू या. मांजर डूख धरते, मुद्दाम सोफा फाडते, असे पुष्कळजण म्हणतात. मांजर आडवे गेले की काम होत नाही म्हणणाऱ्यांच्याच पंगतीतले हे बोलणे आहे. आपण शकुन-अपशकुन मानत नाही, मग हेही मानायचे कारण नाही. मांजर जे करते त्याला कारणे आहेत, आणि कारण कळले की उपाय सापडतो.

मांजराच्या अंगाची ऊब माणसाच्या अंगापेक्षा थोडी जास्त असते. ती टिकवण्यासाठी त्याला मऊ आणि उबदार जागा लागते. दिवसाचे बारा ते सोळा तास ते झोपून काढते. त्यातही उंचावरची जागा त्याला आवडते, कारण वरून सगळीकडे नजर ठेवता येते आणि कुत्र्याचे भय राहत नाही. शिवाय पलंगाला घरच्या माणसांचा वास असतो. ऊब, उंची आणि आपल्या माणसाचा वास हे तिन्ही एका ठिकाणी मिळाल्यावर मांजराने फरशीवर का झोपावे?

नखांचेही तसेच. मांजराच्या नखांवर जुने कवच साठत जाते. खरवडल्याने ते निघते आणि खालचे धारदार नख मोकळे होते. त्याबरोबर पाठीला ताण मिळतो. पंजात वासाच्या ग्रंथी असतात, त्यामुळे 'ही जागा माझी' अशी खूणही होते. म्हणजे खरवडणे ही मांजराची गरज आहे, ती बंद करता येत नाही. कुठे खरवडावे, एवढेच आपण ठरवू शकतो.

मारून काय होते? मांजर मार पलंगाशी जोडत नाही, मारणाऱ्या माणसाशी जोडते. ते त्या माणसाला भिऊ लागते आणि त्याची पाठ वळली की पुन्हा पलंगावर चढते. भ्यालेले मांजर कधी बोचकारते, कधी कोपऱ्यात घाण करते. त्रास कमी होण्याऐवजी वाढतो.

आणि सोडून देणे? घरात वाढलेल्या मांजराला नदीपलीकडची वस्ती परकी असते. तिथली मांजरे त्याला टिकू देत नाहीत, कुत्री मागे लागतात, रस्त्यावर गाड्या असतात. बरीच मांजरे उपासमारीनेच जातात. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याप्रमाणे जनावराला मारहाण करणे आणि ते उपाशी पडेल अशा रीतीने सोडून देणे हा गुन्हा आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी, आपण रोज जे पहिले शील म्हणतो ते अशाच वेळी पाळायचे असते.

मांजर आणि माणूस यांची सोबत नवी नाही. सायप्रस बेटावर सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या एका माणसाच्या थडग्याशेजारी मांजर पुरलेले सापडले. २००४ साली ते संशोधन प्रसिद्ध झाले. माणूस धान्य साठवू लागला, धान्यामागे उंदीर आले आणि उंदरांमागे मांजर आले. आजही आपल्या वस्तीत मांजर पाळण्याचे पहिले कारण उंदीर हेच असते. घराच्या उपयोगी पडणाऱ्या जिवाला घरात हातभर जागा द्यायला हरकत नसावी.

आता उपायांकडे वळू. पहिला उपाय, मांजराला पलंगाहून चांगली जागा द्या. खिडकीजवळ भिंतीला हातभर लांब आणि वीतभर रुंद फळी ठोका. ती पलंगापेक्षा उंच हवी आणि हलता कामा नये. तिच्यावर पुठ्ठ्याचे खोके ठेवा, त्यात जुन्या गोधडीचा तुकडा घाला. मांजर ज्या चादरीवर झोपत होते तिचाच तुकडा घातला तर उत्तम, कारण त्याला ओळखीचा वास असतो. पहिले काही दिवस चारदोन घास तिथेच ठेवा.

दुसरा उपाय नखांसाठी. अडीच-तीन फूट उंचीची लाकडी फळी घ्या. तिला गोणपाट घट्ट ठोका किंवा वरपासून खालपर्यंत जाड सुतळी गुंडाळा. खिळ्याचे टोक कुठे बाहेर राहू देऊ नका. मांजर जिथे सोफा खरवडते, अगदी त्याच कोपऱ्यासमोर ती पक्की उभी करा. तिची सवय लागली की रोज थोडी थोडी बाजूला सरकवा. आपल्या पट्ट्यात पॅकिंगच्या फळ्या आणि पुठ्ठे भंगारात स्वस्त मिळतात, त्यामुळे फारसा खर्च येत नाही.

तिसरा उपाय, पलंग मांजराला नकोसा करा. उठल्याबरोबर अंथरुणाची वळकटी करून ठेवा. मोकळ्या पलंगावर आणि सोफ्यावर काही दिवस प्लॅस्टिकचा कागद किंवा चपातीच्या डब्यात घालतो तो चंदेरी कागद पसरा. त्याचा आवाज आणि स्पर्श बहुतेक मांजरांना आवडत नाही. स्वयंपाकाच्या ओट्यावर मासळी किंवा दूध उघडे राहिले तर कुठलाच उपाय चालणार नाही. झाकण ठेवा आणि ओटा पुसून घ्या.

चौथा उपाय माणसांसाठी आहे आणि तोच सर्वांत अवघड आहे. घरात नियम एकच हवा. आई हाकलते, मुलगी कुशीत घेऊन झोपते आणि आजोबा पलंगावर बसून तुकडा टाकतात, असे असेल तर मांजराने कुणाचे ऐकावे? चढले की न ओरडता, न मारता उचलून खाली ठेवायचे. आपणहून फळीवर गेले की लगेच पाठीवर हात फिरवायचा. मांजरे पहाटे आणि संध्याकाळी जास्त चपळ असतात. म्हणून रात्री दहा मिनिटे दोरीशी खेळवा, मग खाऊ घाला. पोट भरलेले, दमलेले मांजर शांत झोपते.

काही गोष्टी मात्र कटाक्षाने टाळा. फिनेल, डांबरगोळ्या, रॉकेल किंवा तिखट गादीवर टाकू नका. फिनेल आणि डांबरगोळी ही मांजराला विषच आहेत. पायाला लागलेले ते चाटते आणि जिवाला मुकते. नखे उपटून काढण्याचा विचारही नको. तसे करणे म्हणजे बोटाचे शेवटचे पेर छाटणे. अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्याने २०१९ साली त्यावर बंदी घातली. नखाचे टोक तेवढे कापले तरी पुरे. बोका सोफ्यावर मूत्राची फवारणी करत असेल तर पशुवैद्याकडून नसबंदी करून घ्या. बहुतेकांची ती सवय त्याने सुटते.

आरोग्याबद्दल स्पष्टच बोलले पाहिजे. मांजराच्या लाळेत आणि कातडीत काहींना न सोसणारा एक पदार्थ असतो. तो केसांबरोबर गादीवर बसतो आणि दमेकऱ्याला त्रास देतो. म्हणून दमा असलेल्या मुलाचे अंथरूण दिवसा पेटीत किंवा माळ्यावर ठेवावे, चादर दर आठवड्याला गरम पाण्यात धुवावी, फरशी ओल्या फडक्याने पुसावी आणि रात्री मांजराला गॅलरीत किंवा पॅसेजमध्ये जागा द्यावी. एवढे करूनही श्वास लागत असेल तर डॉक्टर सांगतील ते ऐकावे. गरज पडल्यास मांजराला ओळखीच्या चांगल्या घरी द्यावे. मुलाच्या छातीपुढे कुठलाही हट्ट नको. घरात तान्हे बाळ असेल तर पाळण्यात मांजर जाऊ देऊ नये. गरोदर बाईने मांजराची घाण काढू नये. दुसऱ्या कुणीतरी ती रोजच्या रोज काढावी आणि हात साबणाने धुवावेत. मांजराने चावले किंवा बोचकारले तर हळद, चुना, तिखट काही लावू नका. वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे जखम धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन रेबीजच्या लसीबद्दल विचारा.

हे सगळे आम्ही वहिनींना सांगितले. पण घरचा कारभार एकट्या बाईच्या ऐकण्याने होत नाही. संध्याकाळी आम्ही भाऊंकडे गेलो. त्यांची नाराजी ऐकून घेतली आणि म्हणालो, "भाऊ, गोणी काय, कधीही भरता येईल. त्याआधी या रविवारी एक फळी ठोका. महिनाभर बघा. मग तुम्ही म्हणाल तसं."

भाऊ काही बोलले नाहीत. रविवारी सकाळी त्यांच्या घरातून हातोडीचा आवाज येऊ लागला. खिळे मुलगी हातात देत होती आणि दम्याचा धाकटा दारात बसून गोणपाट कापत होता. भाऊंनी फळीला रंधा मारला, कडा घासल्या. हात कसबी माणसाचा, काम नीटच झाले.

पहिल्या आठवड्यात मनी फळीकडे फिरकली नाही. दुसऱ्या आठवड्यात ती दुपारची तिथे झोपू लागली. सोफ्याच्या कोपऱ्यासमोरच्या गोणपाटाच्या आता दशा झाल्या आहेत, सोफा मात्र तेवढ्यावरच थांबला आहे. धाकट्याला डॉक्टरांना दाखवले. अंथरूण पेटीत जाऊ लागल्यापासून रात्रीचा खोकला कमी झाला, असे वहिनी सांगतात. तरी पुढच्या तपासणीपर्यंत आम्ही छातीठोकपणे काही म्हणणार नाही.

सगळे सुरळीत झाले असेही नाही. परवा भाऊ रात्रपाळीहून आले तेव्हा मनी पुन्हा पलंगावर होती. वहिनींच्या छातीत धस्स झाले. भाऊंनी तिला दोन्ही हातांनी उचलले, फळीवर ठेवले आणि म्हणाले, "बाई, तुझी पाळी संपली. आता माझी." मग चादर झटकून झोपी गेले.