आबा गप्प का झाले?

गेल्या वर्षी सुगी उरकल्यावर मंगळवेढ्याकडे आमच्या एका पाहुण्यांच्या वस्तीवर जाणे झाले. ओट्यावर आबा बसले होते. वय पंचाहत्तरच्या पुढे. मी रामराम घातला, तर त्यांनी नुसते वर पाहिले आणि पुन्हा मान खाली घातली. "वय झालं आता त्यांचं," घरातून कोणीतरी म्हणाले आणि विषय तिथेच मिटला.

पण मंडळी, वय काही एका हंगामात होत नाही. आदल्या दसऱ्याला हेच आबा बांधावर उभे राहून सगळ्यांवर खेकसत होते. मधल्या काळात झाले एवढेच की, घरची बैलजोडी विकली गेली. पेरणी ट्रॅक्टरने होऊ लागली, विहिरीवरची मोटर मोबाईलवरून चालू-बंद होऊ लागली. थोरला मुलगा मायेनेच म्हणाला, "आबा, लई कष्ट केलेत, आता निवांत बसा." त्याच सुमारास पारावरचा त्यांचा जन्माचा सोबती वारला. त्यात कानाने कमी ऐकू येऊ लागले. एकच गोष्ट तीनदा ओरडून सांगायचा कंटाळा येतो, म्हणून घरच्यांनी बोलणेच कमी केले. आबा निवांत बसले ते असे.

हे पहिल्यांदा ध्यानात आले ते सूनबाईच्या. ताटात अर्धी भाकरी तशीच राहते. पहाटे तीनलाच उठून बसतात. कधी पोट जड आहे म्हणतात, कधी सगळे अंग दुखते म्हणतात. म्हातारी माणसे "माझे मन उदास आहे" असे क्वचितच सांगतात. त्यांची उदासी पोटातून, पाठीतून, झोपेतून बोलते. एके संध्याकाळी आबा म्हणाले, "माझा आता काय उपयोग? तुमच्यावर ओझंच." सूनबाईने हे वाक्य कानाआड केले नाही. दुसऱ्याच दिवशी आशाताईंना गाठले. त्यांनी जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात मनाच्या डॉक्टरांना दाखवा म्हणून सांगितले.

यावर घरात गदारोळ झाला. "आबा काय येडे झालेत का?" हा प्रश्न आपल्याकडे ठरलेलाच. मधुमेह झाला म्हणून कोणी लाजत नाही. मनाच्या दुखण्याची मात्र गावभर लाज! तरी सूनबाई हटली नाही.

डॉक्टरांनी आधी झोप, भूक आणि चालू असलेल्या गोळ्या विचारल्या. रक्त तपासले, कारण थायरॉईड बिघडले किंवा बी-१२ जीवनसत्त्व कमी पडले तरी माणूस असाच मंदावतो. मग कान पाहायला पाठवले. एका कानात मळाचा खडा निघाला! दुसऱ्याला श्रवणयंत्र लागले. कान आणि डोळे ही साधी बाब समजू नका. ऐकू न येणारा आणि मोतीबिंदूने न दिसणारा माणूस भरल्या घरात एकटा पडतो. पुढे विसरभोळेपणा वाढायलाही याचा हातभार लागतो. उलट, नुसत्या उदासीनेही म्हातारी माणसे विसरू लागतात आणि घरच्यांना वाटते, बुद्धीच गेली. त्यातली उदासी उपचाराने हटते, म्हणून निवाडा डॉक्टरांकडून करून घ्यावा.

आबांना गोळ्या सुरू झाल्या. या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे जातात. आठ दिवसांत फरक नाही म्हणून डबी कोनाड्यात टाकू नये आणि बरे वाटले म्हणून आपल्या मनाने बंदही करू नयेत. दुकानातून परस्पर झोपेच्या गोळ्या आणून देणे तर फार वाईट. त्यांनी म्हातारी माणसे तोल जाऊन पडतात, हाड मोडते.

एक गोष्ट स्पष्टच लिहितो. आपल्या घराघरांत फवारणीचे औषध हाताशी असते. घरातले माणूस जगण्यात अर्थ नाही असे बोलू लागले, तर ते औषध त्याच दिवशी कुलपात घाला आणि किल्ली दुसऱ्याजवळ ठेवा. "असलं बोलू नये" म्हणून गप्प करू नका. जवळ बसून सरळ विचारा, जीव द्यावासा वाटतो का? विचारल्याने तसा विचार डोक्यात शिरत नाही. उलट मनातले बाहेर पडते. त्या माणसाला एकटे सोडू नका आणि लगेच दवाखाना गाठा. १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी क्रमांक २०२२ पासून चालू आहे. तो फुकट आहे, रात्रंदिवस लागतो आणि मराठीतही बोलता येते. ज्येष्ठांच्या इतर अडचणींसाठी १४५६७ हा क्रमांक आहे.

आजींचे दुखणे आणखी आत असते. आबांना पार तरी होता. आजीच्या हातून चूल गेली, दुधाचा हिशेब गेला, त्यात कुंकू पुसले गेले आणि हळदीकुंकवाचे बोलावणे थांबले, तर तिने जायचे कुठे? ज्या घरात लोणच्याचे मीठ आजही आजीला विचारून पडते, तिथली आजी मी सहसा गप्प पाहिलेली नाही.

आबांच्या घरीही आधी चूकच झाली. मन रमावे म्हणून त्यांना शेळीचे दावे धरून बसवले. आपल्याला गुंतवून ठेवायला काम दिले आहे, हे म्हाताऱ्या माणसाला बरोबर कळते. मग श्रावणात मुलाने घरच्या मालदांडीच्या बियाण्याचे पोते पुढे आणून ठेवले आणि म्हणाला, "आबा, हे पेरायचं का नवं आणायचं, तुम्ही सांगा." आबांनी ओल्या गोणपाटात मोजून १०० दाणे मांडले, गुंडाळी केली आणि रोज पाणी शिंपडले. ज्वारीचे १०० पैकी ७५ दाणे उगवले तरी बियाणे चालते.

गौरी उठल्यावर मी पुन्हा वस्तीवर गेलो. आबांनीच हाक मारली, "या पाव्हणं! ९१ उगवले!" बाहेर ट्रॅक्टर पेरणीयंत्र जोडून तयार होता. पण आबा रानात जाऊन मूठभर माती दाबून आले होते. "अजून वाफसा नाही. दोन दिस थांबायचं," ते म्हणाले. मुलाने माझ्याकडे पाहिले, किंचित हसला आणि ट्रॅक्टरची किल्ली काढून खिशात टाकली.