चाळिशीतल्या गाड्यांचे सुटे भाग

जुनी रेडिओ-नियंत्रित गाडी विकत घ्यायला गेलेला जाणकार आधी बॉडीचा रंग पाहत नाही. तो गाडी उलटी करतो आणि स्क्रू बघतो. स्क्रूच्या डोक्यावरच्या फुलीच्या कडा धारदार असतील तर गाडी फारशी उघडलेली नाही, किंवा उघडणाऱ्याला काम कळत होतं. डोकी गोल झिजलेली असतील तर आतल्या प्लास्टिकचे आटेही गेलेले असण्याची शक्यता मोठी. या गाड्या बहुतेक जपानी, त्यामुळे त्यांचे स्क्रूही जपानी मानकाचे, म्हणजे ‘जेआयएस’ मापाचे. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा फिलिप्स स्क्रूड्रायव्हर त्यांत पुरता बसत नाही. जोर लावला की तो वर उचलला जातो आणि डोकं खरवडतो. या छंदात पहिला खर्च जेआयएस स्क्रूड्रायव्हरवर करावा, गाडी नंतर घ्यावी.

रिमोटवर चालणारं खेळणं आणि ही गाडी यांत मोठा फरक आहे. खेळणं जोडलेलंच येतं. बिघडलं की उघडता येत नाही, कारण ते उघडण्यासाठी केलेलंच नसतं. छंदाची रेडिओ-नियंत्रित, म्हणजे ‘आरसी’ गाडी खोक्यातून सुट्या भागांत येते: प्लास्टिकच्या चौकटींवर अडकलेले भाग, पिशव्यांत स्क्रू, बेअरिंग, गिअर, एक मोटर आणि एक सूचनापुस्तिका. ती घरी बसून जोडायची. जी वस्तू शेवटच्या नटापर्यंत जोडली जाते, ती शेवटच्या नटापर्यंत खोलताही येते. म्हणूनच १९८० च्या दशकातल्या गाड्या आजही पुन्हा धावत्या करता येतात.

या जगाचं माहेर जपानमधलं शिझुओका. योशिओ तामिया यांनी १९४६ मध्ये तिथे लाकूड कापण्याचा धंदा सुरू केला. लाकडी प्रतिकृती हा त्याचाच जोडधंदा होता. पुढे प्लास्टिकच्या प्रतिकृती आल्या आणि योशिओंचे चिरंजीव शुनसाकू तामिया यांनी कंपनीला जगभर नेलं. १९७६ मध्ये ‘तामिया’ची पहिली रेडिओ-नियंत्रित गाडी बाजारात आली: पोर्श ९३४ टर्बो, मूळ गाडीच्या १/१२ आकाराची, कॅटलॉग क्रमांक ५८००१. पोर्शची बारीकसारीक रचना कळावी म्हणून शुनसाकूंनी खरी पोर्श ९११ विकत घेऊन पार खोलली होती. ती पुन्हा जोडताना मात्र जाणकारांची मदत घ्यावी लागली. जुलै २०२५ मध्ये, वयाच्या नव्वदाव्या वर्षी शुनसाकूंचं निधन झालं, तेव्हा जगभरच्या हौशी मंडळींनी आपापल्या गाड्या बाहेर काढून त्यांची आठवण जागवली असेल, यात मला शंका नाही.

त्या ५८००१ पासून सुरू झालेली क्रमांकांची माळ हीच संग्राहकाची पहिली बाराखडी. १९७९ चा ‘सँड स्कॉर्चर’ ५८०१६, १९८४ चा ‘हॉर्नेट’ ५८०४५, १९८५ चा ‘हॉटशॉट’ ५८०४७. क्रमांक सांगितला की गाडी डोळ्यांपुढे उभी राहते. सँड स्कॉर्चरबद्दल थोडं सांगायलाच हवं. वाळूत पळणाऱ्या फोक्सवॅगन बीटलची ही १/१० प्रतिकृती. तिचं पुढचं सस्पेन्शन बीटलसारखंच, धातूच्या ओतीव भागांचं. रिसीव्हर आणि सर्व्हो (रेडिओच्या हुकमावर दांडा हलवणारी छोटी मोटर) पाण्यापासून वाचावेत म्हणून पारदर्शक प्लास्टिकच्या बंद पेटीत ठेवलेले. खेळायच्या वस्तूसाठी कुणी एवढा विचार केला होता, हे ती हातात घेतल्यावर कळतं. अमेरिकेत ‘असोसिएटेड’ कंपनीची ‘आरसी १०’ १९८४ मध्ये आली, सोनेरी रंगाच्या ॲल्युमिनियम चासीची. ती मात्र पहिल्या दिवसापासून शर्यतीसाठी घडवलेली गाडी होती. जपानमध्येच ‘क्योशो’ची ‘स्कॉर्पियन’ १९८२ मध्ये आणि ‘ऑप्टिमा’ १९८५ मध्ये आली.

नंतर काळ बदलला. मॉडेल बंद झाली, दुकानांच्या फळीवरचे सुटे भाग संपत गेले. एक तुटलेला सस्पेन्शन आर्म मिळेना म्हणून गाड्या अडगळीत गेल्या. ज्यांच्याकडे न उघडलेली खोकी होती त्यांनी ती तशीच जपली आणि किमती चढत गेल्या. छंद हळूहळू काचेच्या कपाटाकडे सरकत होता.

त्याला वळण दिलं ते जपून ठेवलेल्या साच्यांनी. प्लास्टिकचा भाग ज्या पोलादी साच्यात ओततात, तो साचा घडवणं हा या धंद्यातला सर्वात मोठा खर्च. साचा शाबूत असेल, तर वीस वर्षांनीही तोच भाग पुन्हा काढता येतो. तामियानं २००४ मध्ये हॉर्नेट पुन्हा बाजारात आणली. २००५ मध्ये ‘ग्रासहॉपर’ आणि ‘फ्रॉग’, २००७ मध्ये हॉटशॉट, २०१० मध्ये सँड स्कॉर्चर, २०११ मध्ये ‘अवांते’, २०१२ मध्ये तीन गिअरचा ‘ब्रूझर’ ट्रक अशी रांगच लागली. असोसिएटेडनं आरसी १० ची नवी आवृत्ती २०१३ मध्ये काढली, तर क्योशोनं स्कॉर्पियन २०१४ मध्ये आणि ऑप्टिमा २०१६ मध्ये. जुन्या खोक्यांत पैसा अडकवलेल्या काही संग्राहकांना हे आवडलं नाही. माझं मत उलट आहे. या छंदावर कंपन्यांनी केलेला याहून मोठा उपकार दुसरा नाही, कारण नवी गाडी आली म्हणजे तिच्या मागोमाग सुटे भागही आले, आणि त्यांतले पुष्कळसे जुन्या गाडीला जसेच्या तसे बसतात.

पुष्कळसे, सगळे नव्हेत. दुरुस्ती करणाऱ्याचं खरं कौशल्य इथे लागतं. पुन्हा काढताना कंपन्यांनी कुठे कमकुवत जागा भरभक्कम केल्या, कुठे यांत्रिक स्पीड कंट्रोलरच्या जागी इलेक्ट्रॉनिक बसेल अशी सोय केली. म्हणून आपली गाडी कोणत्या घराण्यातली हे आधी ओळखावं. हॉर्नेट आणि ग्रासहॉपर यांची टबसारखी चासी एकच. हॉर्नेटला ५४० आकाराची मोटर, ग्रासहॉपरला धाकटी ३८०. फ्रॉगचा गिअरबॉक्स ‘सुबारू ब्रॅट’, ‘ब्लॅकफूट’ आणि ‘मॉन्स्टर बीटल’ यांच्यातही आहे. ‘लंच बॉक्स’ व्हॅन आणि ‘मिडनाइट पंपकिन’ ही भावंडं. फ्रॉगचा भाग मिळत नसेल तर ब्लॅकफूटचा शोधायचा. फक्त गाडीच्या नावानं शोधणारा माणूस रिकाम्या हातानं परततो.

भाग शोधायचा तो क्रमांकानं. प्लास्टिकच्या प्रत्येक चौकटीवर ‘ए’, ‘बी’, ‘सी’ अशी अक्षरं ओतलेली असतात आणि सूचनापुस्तिकेच्या शेवटच्या पानांवर प्रत्येक चौकटीचा, प्रत्येक स्क्रू-पिशवीचा क्रमांक छापलेला असतो. तामियाच्या पद्धतीत गाडीचा संच ५८ नं सुरू होतो, पाकिटातले नेहमीचे सुटे भाग ५० नं आणि जास्त कामगिरीचे पर्यायी भाग ५३ नं. एवढं माहीत असलं की जपान, जर्मनी किंवा अमेरिकेतल्या दुकानदाराशी भाषा न जुळताही व्यवहार होतो. क्रमांकांचा आणखी एक उपयोग म्हणजे फसवणूक टाळणं. जुनी म्हणून विकायला ठेवलेल्या हॉर्नेटच्या खोक्यावर ५८३३६ असेल, तर ती २००४ नंतरची आवृत्ती. सँड स्कॉर्चरवर ५८४५२ असेल, तर ती २०१० नंतरची.

आता दुरुस्ती. गाडी पूर्ण खोलायची, प्रत्येक टप्प्याचा फोटो काढायचा आणि धुवायची. भांड्यांचा साबण, कोमट पाणी आणि जुना टूथब्रश पुरतो. पेट्रोल, थिनर, ॲसिटोन दूर ठेवावेत. हॉर्नेट, फ्रॉग यांच्या पातळ पारदर्शक बॉड्या पॉलिकार्बोनेटच्या असतात आणि अशा द्रावकांनी त्यांत बारीक चिरांचं जाळं पसरतं, ते परत जात नाही. या बॉड्यांना रंग आतून दिलेला असतो. बाहेर ओरखडे आले तरी रंग टिकतो, पण आतला जुना रंग काढणं जिकिरीचं. तिथे नवी बॉडी घेणं शहाणपणाचं. ग्रासहॉपर किंवा सँड स्कॉर्चरची बॉडी जाड, कडक प्लास्टिकची. तिचा तुकडा उडाला तर प्लास्टिक वितळवून एकजीव करणाऱ्या सिमेंटनं तो पक्का जोडता येतो.

प्लास्टिक ओळखणं इथे फार महत्त्वाचं. गिअर बहुधा ॲसिटलचे किंवा नायलॉनचे असतात. त्यांना कोणताही गोंद धरत नाही, तुटला की बदलायचाच. नायलॉनचे सस्पेन्शन आर्म वर्षानुवर्षं कोरड्या जागी पडून ठिसूळ होतात, कारण नायलॉनची चिवटता त्यानं शोषलेल्या ओलाव्यावर अवलंबून असते. असे भाग पाण्यात उकळून तसेच भिजत ठेवले की त्यांचा चिवटपणा पुष्कळसा परत येतो. आरसी १० वाल्यांची ही जुनी युक्ती आहे आणि ती खरंच काम करते. टायरांचं दुखणं वेगळं. एकाच जागी उभी राहिलेली गाडी टायर चपटे करते, रबर वाळून भेगाळतं, आणि प्लास्टिकला चिकटून राहिलेलं रबर त्या प्लास्टिकवर डाग पाडतं. गाडी ठेवायचीच असेल तर चाकं जमिनीला टेकणार नाहीत अशी, चासीखाली ठोकळा देऊन ठेवावी.

प्रत्येक घराण्याचं आपलं दुखणं असतं. फ्रॉगच्या गिअरबॉक्समधून चाकाकडे जाणाऱ्या दांड्यांची षटकोनी टोकं झिजून गोल होतात आणि मोटर फिरत असताना चाक थांबतं. विकत घेताना चाक हातानं फिरवून ही ढिलाई तपासावी. हॉर्नेट आणि ग्रासहॉपरच्या चासीत स्क्रू बसतात ते खांब बघावेत. आणि जुन्या गिअरबॉक्समध्ये ग्रीसचा मेण झालेला असतो. तो काढून नवं ग्रीस भरलं, एवढ्यानंही गाडीचा आवाज बदलतो.

मूळ गाडीत बहुधा प्लास्टिकचे बुश येत. ते काढून बॉल बेअरिंग घालणं ही कमी खर्चात जास्त गुण देणारी सुधारणा. हॉर्नेट, ग्रासहॉपर आणि त्या काळच्या अनेक गाड्यांना लागणारं बेअरिंग म्हणजे आतून ५, बाहेरून ११ आणि जाडीला ४ मिलिमीटर. हौशी मंडळी त्याला ‘११५०’ म्हणतात, बेअरिंगच्या दुकानात ते ‘एमआर ११५’ या नावानं ओळखलं जातं. मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटसारख्या बाजारात विचारावं ते याच नावानं; त्यासाठी परदेशी पार्सलची वाट बघायला नको. पुण्यातल्या वर्कशॉपमध्ये लेथवर पितळी बुश किंवा ॲल्युमिनियमची टोपी करून घेता येते. मोजमाप व्हर्नियरनं घेऊन, कागदावर काढून न्यावं.

विजेच्या बाबतीत मात्र जुन्याचा हट्ट धरू नये. जुन्या गाडीत सर्व्हो एक दांडा हलवून तारांच्या रोधकावर वेग बदलत असे. तो रोधक चांगलाच तापतो. लिथियम-पॉलिमर बॅटरी धोक्याच्या खाली उतरू नये म्हणून लागणारी कटऑफची सोयही त्यात नाही. मूळ कंट्रोलर काढून पिशवीत ठेवावा आणि गाडीत इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर बसवावा. रेडिओही २.४ गिगाहर्ट्झचा घ्यावा, म्हणजे २७ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलच्या जोड्या शोधत बसावं लागत नाही. मोटर मात्र साधी ५४० च ठेवावी. ताकदवान ब्रशलेस मोटर चाळीस वर्षांच्या गिअरबॉक्सचे दात एका दुपारीत उडवते. जुनी निकेल-कॅडमियम बॅटरी ई-कचऱ्यात द्यावी, कचराकुंडीत नव्हे, कारण कॅडमियम विषारी आहे.

आपल्या वाचकांची खरी अडचण पार्सलची. खेळण्यांवरचं मूळ आयात शुल्क २०२० च्या अर्थसंकल्पात २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर गेलं आणि २०२३ मध्ये ७० टक्क्यांवर. लहान आकाराच्या प्रतिकृतीही याच गटात मोडतात. त्यामुळे एक चौकट आज आणि दुसरी पुढच्या महिन्यात असं न मागवता, गाडी पूर्ण खोलून, सगळ्या भागांची यादी करूनच मागणी द्यावी. जे इथे मिळतं किंवा करून घेता येतं, ते यादीतून वगळावं. थ्रीडी प्रिंटिंगनं आता बंपर, बॅटरीची झाकणं, बॉडीचे खांब असे भाग घरच्या घरी होतात. मात्र ताण झेलणारा भाग पीएलए प्लास्टिकचा करू नये. तो उन्हात मऊ पडतो. त्यासाठी नायलॉन वापरावं.

गाडी कपाटात ठेवायची की पळवायची, हा वाद या मंडळींत कायमचा. न उघडलेलं खोकं असेल तर ते तसंच ठेवावं. तशी खोकी थोडीच उरली आहेत. पण एकदा वापरलेली गाडी धावायलाच हवी, असं मला ठामपणे वाटतं. तिची मूळ बॉडी आणि मूळ स्टिकर सावलीत जपावेत आणि मैदानावर नवी बॉडी घालून न्यावी.

तुमच्या घरी, किंवा परदेशातून परतलेल्या एखाद्या नातेवाइकाच्या माळ्यावर, अशी गाडी असेल तर भंगारवाल्याला देण्याआधी खाली उतरवा. बॅटरी लगेच जोडू नका. रिमोटमधले फुटलेले सेल काढा आणि त्याच्या पट्ट्यांवरचा पांढरा थर व्हिनेगरनं पुसा. खोक्यावरचा पाच आकडी क्रमांक टिपून घ्या. आणि सूचनापुस्तिका सापडली तर ती गाडीइतकीच जपा. पुढचा प्रत्येक सुटा भाग तिच्याच शेवटच्या पानावरून शोधावा लागणार आहे.