मळभातील नेम

आषाढ लागला की सुरतेवर मळभ दाटून येते. चार चार दिवस सूर्यदर्शन होत नाही. दोरीवरचे कपडे वाळत नाहीत, भिंतींना ओल येते, रस्त्यात पाणी साचते आणि कारखान्यात पोचायला उशीर झाला म्हणून मुकादमाचे बोलणे खावे लागते. ह्यांतले एकही संकट मोठे नव्हे. मोठ्या संकटात शेजारीपाजारी धावून येतात. कपडे वाळले नाहीत म्हणून कोणी धावून येत नाही! म्हणूनच असल्या किरकोळ कटकटी माणसाला आतून पोखरतात आणि 'कशासाठी हा खटाटोप?' असा प्रश्न त्याला पडू लागतो.

हा प्रश्न वाटतो तितका बुद्धीचा नसतो. शरीरातील घड्याळ सकाळच्या उजेडावर लागत असते. डोळ्यांत शिरणारा प्रकाश मेंदूला दिवस उजाडल्याची वर्दी देतो. ती क्षीण झाली की झोप, भूक आणि उत्साह ह्यांची घडी विसकटू शकते. नॉर्मन रोझेन्थाल आणि त्यांचे सहकारी ह्यांनी १९८४ साली अमेरिकेत दर हिवाळ्यात परतून येणाऱ्या अशा उदासीनतेचे वर्णन केले. तिकडचा हिवाळा आणि आपला पावसाळा एक नव्हेत, हे खरे. तरीही ढगाळ दिवशीसुद्धा उघड्यावरचा उजेड दिवा लावलेल्या खोलीतल्यापेक्षा कितीतरी पटींनी अधिक असतो. तेव्हा भर पावसाळ्यात छत्री घेऊन सकाळची फेरी मारणाऱ्या आजोबांना कोणी हसू नये. उदासीनता आठवडेच्या आठवडे हटेनाशी झाली, तर मात्र वैद्यकीय सल्ला घेण्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

पूर्वजांना मेंदूचे शास्त्र ठाऊक नव्हते. पण चातुर्मासाची व्रते आणि नेम त्यांनी नेमके ह्याच दिवसांत बसविले. नेमाची गंमत अशी की, तो मनाला विचारून सुरू होत नाही. तुळशीला पाणी घालायला उत्साह लागत नाही, तांब्या लागतो. हात कामाला लागतात आणि मन मागून, कुरकुरत का होईना, येते. श्रद्धा हा शब्द आपण फार उंचावर नेऊन ठेवला आहे. पुष्कळ वेळा ती एवढीच असते.

सुरतेत पोटासाठी आलेल्या खानदेशी कुटुंबांकडे पाहावे. जळगाव, अमळनेर, नंदुरबार ह्या तापीच्या मुलुखातून रेल्वेने येऊन ती उधना, लिंबायत, पांडेसरा ह्या भागांत स्थायिक झाली. यंत्रमागाची पाळी बारा तासांची. रातपाळीच्या माणसाला पावसाळ्यातला थोडका उजेडही झोपेत घालवावा लागतो. तरी श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी, त्या वस्त्यांतून कानबाई बसते. भाऊबंद एकत्र जमतात, गव्हाचे रोट होतात, रात्र गाण्यांनी जागते आणि दुसऱ्या दिवशी कानबाईला वाजतगाजत पाण्यावर नेतात. खोली दहा बाय दहाची असली तरी पाट मांडण्यापुरती जागा निघतेच.

२००६ सालच्या श्रावणात ह्या शहराची फार कठीण परीक्षा झाली. वरच्या खोऱ्यात धुवाधार पाऊस पडला, उकाई धरण भरत आले आणि सेकंदाला ९ लाख घनफुटांच्या घरात पाणी सोडावे लागले. ७ ऑगस्टपासून तापी शहरात शिरली; रांदेर, अडाजण, अठवा हे भाग बुडाले. ९ ऑगस्टला राखीपौर्णिमा होती. कित्येक बहिणींना त्या दिवशी शहराच्या एका भागातून दुसऱ्या भागात जाता येणे शक्य नव्हते. पाणी ओसरल्यावर मागे राहिला तो चिखल. त्यात पराक्रम गाजविण्यासारखे काहीच नव्हते. आधी उंबरा धुवायचा, मग चूल, मग भांडी. भिजलेले जिन्नस बाहेर काढून वाळायचे ते वेगळे करायचे, टाकायचे ते टाकायचे. आभाळ तेव्हाही भरलेलेच होते. उन्हाची वाट पाहत बसायला सवड नव्हती, कारण दूधवाला सकाळी येणार होता आणि भांडे धुतलेले हवे होते.