दिवसा नाशिकलाही नीट न लागणारी मुंबई रात्री भोपाळला कशी लागते? दर्यावरच्या रेडिओची गोष्ट

आज मासळीचा भाव नाही, डिझेलचा कोटाही नाही. आज विषय आहे बोटीच्या केबिनमध्ये खिळ्याला टांगलेल्या रेडिओचा. बऱ्याच बोटींवरून तो खाली उतरला, काही बोटींवर अजून आहे. जाळं टाकून बसलं की रात्री तोच सोबतीला असायचा. आणि जुन्या तांडेलांना एक गोष्ट पक्की ठाऊक असते: दिवसा जी स्टेशनं लागत नाहीत, ती अंधार पडला की आपोआप लागायला लागतात. कधी गुजराती, कधी कन्नड, कधी पलीकडची उर्दू, तर कधी आखातातली अरबी.

हे का होतं, आणि आजच्या जीपीएस-मोबाईलच्या जमान्यात त्याचा आपल्याला काही उपयोग आहे का, ते जरा सविस्तर बघू.

साकेत नगर, भोपाळ

दर्यापासून एकदम लांबचं ठिकाण घेऊ, म्हणजे मुद्दा लगेच कळेल. भोपाळचं साकेत नगर. एम्स हॉस्पिटल आहे तोच भाग. भोपाळात मराठी घरं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. आता आपल्या कोळीवाड्यांतली पोरंही शिक्षणाला, नोकरीला कुठे कुठे पोचली आहेत. समजा आपल्यातली एखादी मुलगी तिथे नर्सिंगच्या नोकरीला आहे. मुंबईपासून भोपाळ सरळ रेषेत साधारण ६६० किलोमीटर.

तिने दुपारी साधा ट्रान्झिस्टर लावला तर मिडियम वेव्हवर भोपाळ (१५९३) आणि इंदूर (६४८) ही जवळची स्टेशनं मिळतील. मुंबईच्या ५५८ वर नुसती खरखर. तोच रेडिओ थंडीत रात्री आठ-नऊला गच्चीवर नेऊन सावकाश काटा फिरवला, तर चित्रच बदलतं. नागपूर ५८५ वर, जळगाव ९६३ वर, पुणे ७९२ वर आणि मुंबईची अस्मिता वाहिनी ५५८ वर. वर्षानुवर्षं ही स्टेशनं काट्यावर याच जागी बसलेली. ५५८ च्या एका बाजूला ५४९ वर रांची, दुसऱ्या बाजूला ५६७ वर आसामचं दिब्रुगढ. म्हणजे दोन बोटींच्या मधून होडी काढावी तसा काटा सांभाळून फिरवायचा. आवाज वर-खाली होतो, मध्येच बुडतो, परत वर येतो. पण मराठी बातम्या कळतात, गाणं ओळखता येतं.

आणि त्याच वेळी तिचा बाप रत्नागिरीसमोर साठ वाव पाण्यात तेच स्टेशन ऐकत असू शकतो. मध्ये टॉवर नाही, रिचार्ज नाही, सॅटेलाइट नाही. दोन सेल आणि एक काटा.

रात्री असं काय होतं?

मिडियम वेव्हच्या लहरी दोन वाटांनी येतात. एक वाट जमिनीला धरून, दुसरी आकाशातून.

आपल्या डोक्यावर ६० ते ९० किलोमीटर उंचीवर हवेचा एक थर आहे, त्याला 'डी' थर म्हणतात. सूर्याच्या उन्हाने तो तयार होतो आणि वर जाणाऱ्या मिडियम वेव्हच्या लहरी शोषून घेतो. म्हणून दिवसा आकाशाची वाट बंद. सूर्य बुडाला की हा थर झपाट्याने विरतो. मग लहरी त्याच्याही वर, शंभर किलोमीटरच्या पुढच्या 'ई' आणि 'एफ' थरांपर्यंत पोचतात आणि तिथून आरशावर आपटावं तशा खाली परत येतात. एका उडीत हजार-दीड हजार किलोमीटर सहज.

असा थर असावा असं १९०२ मध्ये केनेली आणि हेविसाइड या दोघांनी वेगवेगळं मांडलं. इंग्लंडच्या अॅपल्टननी १९२४ मध्ये प्रयोगाने ते सिद्ध केलं आणि त्यांना १९४७ चं नोबेल मिळालं. आपल्याकडे कलकत्त्याला शिशिरकुमार मित्रांनी याच विषयात आयुष्य घातलं.

एफएमचं असं होत नाही. त्या लहरी सरळ जातात आणि आकाशातून सहसा परत येत नाहीत. म्हणून किनारा थोडा मागे पडला की एफएम तुटतं.

पंजाब मेलमध्ये रेडिओ

प्रवासात ही गंमत जास्त कळते. मुंबईहून भोपाळला जाणारी पंजाब मेल संध्याकाळी सुटते. कल्याणपर्यंत मुंबई स्टेशन खणखणीत. कसारा घाट चढून इगतपुरी-नाशिककडे गेलं की आवाज विचित्र व्हायला लागतो, बोलणारा पाण्याखालून बोलतोय असा. कारण इथे जमिनीची लहर थकलेली असते आणि आकाशातली उतरायला लागलेली असते. दोन्ही जवळपास सारख्या जोराच्या, पण वेळेत थोड्या मागे-पुढे, त्यामुळे एकमेकींना मारतात. त्याच्याही पुढे गेलात की जमिनीची लहर संपते, फक्त आकाशातली उरते आणि आवाज उलट सुधारतो. जवळ खराब, लांब बरा!

गाडीत दोन अडचणी. डबा लोखंडी असतो आणि वर पंचवीस हजार व्होल्टची तार. म्हणून रेडिओ खिडकीला चिकटवून धरायचा. आणि वेळ पाळायची. आकाशवाणीची बहुतेक केंद्रं रात्री अकराच्या सुमारास बंद होतात. मग मधली रात्र शांत. पहाटे सहाच्या आसपास परत सुरू होतात आणि सूर्य वर येईपर्यंत तासभर लांबची स्टेशनं लागतात. थंडीत भोपाळला उजाडायला उशीर, म्हणून ही पहाटेची वेळ सोन्यासारखी.

मधल्या रात्रीसाठी पूर्वी एक सोय होती. १९८८ मध्ये नागपूरहून १५६६ वर आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी सुरू झाली, एक हजार किलोवॅटचा ट्रान्समीटर. मुंबईच्या अस्मिता वाहिनीचा शंभर किलोवॅटचा, त्याच्या दहापट! रात्रपाळीवाले, ट्रक ड्रायव्हर, बोटीवरचे खलाशी, सगळ्यांची ती सोबत. जानेवारी २०१९ मध्ये ती वाहिनी बंद झाली.

दर्या रेडिओचा मित्र

आता आपल्या कामाचं. जमिनीला धरून जाणारी लहर डोंगर-खडकात लवकर थकते. खारं पाणी मात्र विजेचं उत्तम वाहक, कोरड्या जमिनीच्या हजार पटीहून जास्त. म्हणून तीच लहर पाण्यावरून कितीतरी लांब जाते. मुंबईचं स्टेशन घाटापलीकडे शंभर-दीडशे किलोमीटरवर कुरकुरतं, पण दर्यात दोन-तीनशे किलोमीटरवरही भर दुपारी ऐकू येऊ शकतं. रत्नागिरी (११४३) आणि पणजी (१२८७) यांचंही तसंच.

थोडक्यात, मोबाईलची रेंज किनाऱ्याजवळच संपते, व्हीएचएफ साधारण वीस-पंचवीस नॉटिकल मैलांवर थकतो, आणि मिडियम वेव्ह त्याच्याही कितीतरी पुढे पोचते. फरक एवढाच की रेडिओ फक्त ऐकवतो, तुमचं कुणाला सांगत नाही.

जुने लोक ट्रान्झिस्टरवरून दिशाही काढायचे, आणि त्यामागे पक्कं शास्त्र आहे. रेडिओच्या आत वरच्या बाजूला एक काळी आडवी दांडी असते, फेराइटची. ती दांडी स्टेशनच्या दिशेला टोक करून धरली की आवाज सर्वात कमी होतो, आडवी धरली की सर्वात जास्त. कुणाला करून बघायचं असेल तर असं करा:

• दिवसा करा. रात्री आकाशातली लहर मिसळते आणि दिशा चुकते.
• ओळखीचं, जवळचं स्टेशन लावा. रेडिओ लाकडी पेटीवर आडवा ठेवा, इंजिन आणि लोखंडी सामानापासून लांब.
• सावकाश गोल फिरवा. आवाज एकदम बसला की थांबा. रेडिओची लांब बाजू ज्या रेषेत आहे, त्या रेषेत स्टेशन.
• रेषेची दोन टोकं असतात. आपला किनारा पूर्वेला, म्हणून कुठलं टोक घ्यायचं ते आपल्याला सांगायला नको.

हा जीपीएसला पर्याय नाही. पण जीपीएस बंद पडला, बॅटरी बसली, धुकं आलं, तर होकायंत्राच्या जोडीला एक साधन हाताशी राहतं.

खरखर ऐका

वीज चमकली की मिडियम वेव्हवर 'कडाड्' असा आवाज उमटतो. ढग क्षितिजाखाली असला, डोळ्याला दिसत नसला तरी. दिवसा अशा कडकडाटाची संख्या वाढत चालली तर जवळपास वादळी ढग आहेत असं धरा. रात्री मात्र शेकडो मैलांवरची वीजही ऐकू येते, तेव्हा उगाच घाबरू नका. पावसाळ्यात सतत खरखर, आणि ऑक्टोबर ते फेब्रुवारी स्वच्छ, याचं मोठं कारण हेच.

मग आज याचं काय?

नोव्हेंबर २००९ चं फयान कोकणात कोण विसरेल? २०१७ च्या ओखीत केरळ-तामिळनाडूच्या बोटी शेकडो खलाशांसह देवगडच्या बंदरात आसऱ्याला आल्या. त्या वेळी सगळ्या देशाला कळलं की इशारा निघणं वेगळं आणि आधीच खोल पाण्यात गेलेल्या बोटीपर्यंत तो पोचणं वेगळं. बंदरात तीन नंबरचा बावटा चढला तरी शंभर मैलांवरून तो कुणाला दिसणार?

त्यानंतर बरंच काम झालं. २०१९ मध्ये सॅटेलाइटवरून संदेश देणारं 'जेमिनी' यंत्र आलं. ऑगस्ट २०२४ मध्ये पालघरला एक लाख बोटींवर ट्रान्सपाँडर बसवायच्या योजनेची सुरुवात झाली. ही यंत्रं घ्याच, वापराच. ट्रान्सपाँडर बंद करून ठेवू नका. पण यंत्राला वीज लागते, दुरुस्तीला माणूस लागतो, आणि छोट्या होडीवाल्याकडे सगळंच असेल असं नाही. रेडिओ दोन सेलवर आठवडे चालतो.

दुसऱ्या बाजूला मिडियम वेव्हच आकसत चालली आहे. ट्रान्समीटर जुने, विजेचं बिल मोठं, ऐकणारे एफएम आणि मोबाईलवर गेलेले. जर्मनीच्या सरकारी वाहिन्यांनी २०१५ च्या अखेरीस मिडियम वेव्ह बंद केली. आपल्याकडे काही ट्रान्समीटर डिजिटल केले, पण त्याला वेगळा, महाग रेडिओ लागतो. उलट अमेरिकेत, कारमधून एएम रेडिओ काढू नका, संकटात तोच कामाला येतो, असा कायदा करावा म्हणून २०२३ पासून संसदेत खटपट चालली आहे.

भोपाळच्या मुलीला ॲपवरही तेच स्टेशन ऐकता येईल, स्वच्छ ऐकता येईल. तिची अडचण नाही. अडचण बापाची आहे. ॲपला नेट लागतं आणि दर्यात नेट नाही. म्हणून किनाऱ्यावरचं मिडियम वेव्ह स्टेशन बंद करायचा विषय निघेल तेव्हा हिशोब फक्त शहरातल्या श्रोत्यांचा होऊ नये, दर्यातल्यांचाही व्हावा. मच्छिमारांसाठीचा इशारा ठरलेल्या वेळी, आपल्या भाषेत, मिडियम वेव्हवर लागत राहावा, एवढं मागणं रास्त आहे.

बोटीवर रेडिओ असेल तर

• एलईडी बल्ब, इन्व्हर्टर, चार्जर आणि डायनॅमोपासून लांब ठेवा. अर्धी खरखर त्यांचीच असते.
• सिग्नल कमी असेल तर प्लास्टिकचं आवरण असलेल्या वायरचे चार-पाच वेढे रेडिओभोवती द्या. एक टोक डोलकाठीला वर बांधा, दुसरं सोलून पाण्यात सोडा. फरक लगेच कळेल. वीज चमकायला लागली की ही वायर आधी काढून टाका!
• सेल खाऱ्या हवेत गंजतात. जादा सेल झिपच्या पिशवीत ठेवा.
• निघण्याआधी हवामानाचा इशारा बघाच. संकटात तटरक्षक दलाचा नंबर १५५४, आणि व्हीएचएफचा चॅनल १६.

शेवटी एक काम तुमच्यासाठी. पुढच्या फेरीत रेडिओ असेल तर काटा फिरवा आणि लिहून ठेवा: तारीख, वेळ, किती वाव पाण्यात, कुठल्या आकड्यावर कुठलं स्टेशन, आवाज कसा. बंदरावर आलात की इथे कमेंटमध्ये टाका. गावाबाहेर, भोपाळ-नागपूर-इंदूरकडे असलेल्या आपल्या मुलामुलींनीही गच्चीवरून ऐकून कळवा. 'दर्यात अजून रेडिओ ऐकतात' हे सांगायला तोंडी गप्पांपेक्षा अशी वही जास्त उपयोगी पडते.

आणि घरातल्या म्हाताऱ्या तांडेलाला विचारा, रात्री सर्वात लांबचं कुठलं स्टेशन लागायचं? उत्तर ऐकण्यासारखं असेल.